आधी मान, मग नजर

कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्यात काळवीट बघायला गेलात, तर आधी वाटाड्याच्या मानेकडे लक्ष ठेवा. वाळल्या गवतात उभी असलेली हरणी नवख्याला दिसत नाही. तिचा आणि गवताचा रंग एकच. वाटाड्या चालता चालता थबकतो, मान डावीकडे वळवतो. तो तोंड उघडायच्या आत आपली नजर तिकडे पोचलेली असते, आणि रिकाम्या वाटणाऱ्या माळावर अख्खा कळप दिसू लागतो.

हे आपण ठरवून करत नाही. १९९८ साली फ्रीझन आणि किंगस्टोन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना रेघांनी काढलेला साधा चेहरा दाखवला. त्याचे डोळे कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मग एका बाजूला अक्षर उमटायचं. ‘डोळ्यांच्या दिशेचा अक्षराशी संबंध नाही’ असं आधीच सांगितलं होतं. तरीही डोळे ज्या बाजूला, त्या बाजूचं अक्षर लोकांना लवकर सापडलं.

डोळे कुठे बघताहेत, हे मात्र आपण नुसत्या डोळ्यांवरून ओळखत नाही. विल्यम वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ मध्येच दाखवलं होतं, की चित्रातले डोळे तेच ठेवून भोवतीचा चेहरा वळवला, तर नजरही वळल्यासारखी वाटते! माळावर लांबच्या माणसाची बुबुळं दिसत नाहीत, तिथे मानच कामाला येते. जवळ आल्यावर डोळ्यातलं पांढरं बोलतं. माणसाच्या डोळ्यात ते इतर वानरकुळापेक्षा जास्त उघडं असतं.

हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवताही त्याला बराच मुलूख दिसतो. चरणाऱ्या जनावरांच्या डोळ्यांची आणखी एक करामत शेळीजवळ बसून पाहा. तिची बाहुली आडव्या फटीसारखी असते. शेळी मान खाली घालून चरू लागली, तरी बुबुळ आतल्या आत फिरतं आणि फट जमिनीला समांतरच राहते. शेळ्या, मेंढ्या, घोडे सगळ्यांत हे आढळतं, असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं.

माणसाची नजर काही प्राण्यांनाही कळते. इंग्लंडच्या किनाऱ्यावर २०१९ मध्ये केलेल्या प्रयोगात, माणूस रोखून बघत असताना कुरव पक्षी खाण्याजवळ यायला जास्त वेळ घेत होते. म्हणून रेहेकुरीला गेलात, तर कळपाकडे तोंड करून टक लावू नका. थोडं तिरकं उभं राहा, आणि मान हळू वळवा.