धुक्यात सुकाणूवरून किती दिसते?

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीपासून थोड्याच अंतरावर गोदावरीवरील गंगापूर धरणाचा जलाशय आहे आणि तेथील बोट क्लबमुळे मोटरबोट नाशिककरांना अपरिचित राहिलेली नाही; परंतु धुक्यात वा मुसळधार पावसात सुकाणूवरून, म्हणजे चालकाच्या जागेवरून, समोरचे किती दिसते याविषयीच्या बहुतेक समजुती मोटारीच्या अनुभवातून आलेल्या असल्याने पाण्यावर त्या फसतात.

पहिला समज असा की, झगझगीत दिवा लावला की धुके भेदले जाते. वस्तुतः धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब असून, ते प्रकाश चालकाच्याच डोळ्यांकडे परतवतात व समोर पांढरी भिंत उभी राहते. रात्री तर अशा प्रकाशाने अंधाराला सरावलेले डोळे दिपतात आणि ते पूर्ववत होण्यास 20 ते 30 मिनिटे लागू शकतात. म्हणून सुकाणूजवळील यंत्रफलकाचे दिवेही मंद ठेवणे इष्ट ठरते.

वेगाविषयीचा गैरसमज अधिक घातक, कारण तो सावधपणाच्या वेषात येतो. दिसेनासे झाले की वेग थोडा उतरवावा, एवढे पुरेसे मानले जाते. परंतु पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाण्यासाठी बांधलेली वेगवान बोट मधल्या वेगात मागून खाली बसते व तिचा पुढचा भाग वर उचलला जातो, त्यामुळे नेमका समोरचाच पाण्याचा पट्टा, ज्यात एखादी होडी, ओंडका वा जाळ्याचा तरंड असू शकतो, चालकाच्या नजरेआड जातो. बोटीच्या मागील टोकाला तळाशी बसवलेल्या, खाली-वर होणाऱ्या पट्ट्या दाबल्यास पुढचा भाग काहीसा खाली येतो हे खरे. तथापि दाट धुक्यात खरा उपाय म्हणजे बोट पुन्हा सपाट बसेल इतका वेग कमी करणे हाच होय. पूर्ण वेगातही बोट सपाट होते, पण दिसणाऱ्या अंतरात थांबता येत नसेल तर त्या सपाटपणाचा उपयोग काय?

काचेचेही तसेच. मोटारीच्या काचेवर लावायचे पाणी झटकणारे लेप वाऱ्याच्या जोरावर काम करतात, त्यामुळे संथ चालणाऱ्या बोटीवर वायपरला पर्याय नसतो. मांडव्यासारख्या समुद्रकिनाऱ्यावरच्या खाऱ्या पाण्यात तर वाळलेल्या मिठाचा थर काढण्यासाठी काचेवर गोडे पाणी सोडावे लागते. रंगीत काचेने डोळ्यांना आराम मिळतो ही कल्पनाही अपुरी आहे. मोठ्या जहाजांच्या सुकाणूकक्षाबाबतचे आंतरराष्ट्रीय नियम रंगछटा दिलेल्या व ध्रुवीकरण करणाऱ्या, म्हणजे विशिष्ट दिशेत कंप पावणाराच प्रकाश आत सोडणाऱ्या, काचांना मनाई करतात आणि प्रतिबिंबे टाळण्यासाठी काचेची वरची कड 10 ते 25 अंश बाहेर झुकलेली असावी असे सांगतात.

सर्वांत दृढ समज ‘समोरचा वाट देईल’ हा. समुद्रातील टक्कर टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील कोणी कोणाला वाट द्यावी हे ठरवणारी कलमे परस्परांना डोळ्यांनी दिसणाऱ्या जहाजांपुरतीच लागू असतात. दृश्यता घटली आणि नौका एकमेकींना दिसेनाशा झाल्या की नियम 19 लागू होऊन सावध राहण्याची जबाबदारी दोघांवरही सारखीच येते. अशा वेळी पुढच्या बाजूने भोंगा ऐकू आला आणि टकरीचा धोका नाही असे निश्चित झालेले नसेल, तर दिशा राखता येईल इतकाच वेग ठेवावा, गरज पडल्यास बोट पूर्ण थांबवावी. चालत्या यांत्रिक बोटीने स्वतःही 2 मिनिटांहून अधिक खंड न पडता 4 ते 6 सेकंदांचा एक दीर्घ भोंगा देत राहावे, असे हे नियम सांगतात. हे नियम समुद्रासाठी असले तरी त्यांमागील तर्क जलाशयालाही लागू पडतो.

रडार असले म्हणजे झाले, असेही नाही. लाकडी वा फायबरची लहान होडी रडारवर क्षीण उमटते आणि जोरदार पावसाच्या प्रतिध्वनीत हरवूही शकते. त्यामुळे रडार असलेल्या बोटीवरही डोळ्यांनी व कानांनी सतत टेहळणी ठेवणे नियम 5 नुसार बंधनकारकच राहते.