संगणकातील कागद पुसले गेले, तर आधी हात थांबवा!

गेली वीस-बावीस वर्षे आम्ही कारकुनी करीत आहोत. कागद सांभाळणे हाच आमच्या पोटाचा धंदा. कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे हे आम्ही डोळे मिटून सांगू शकतो, असा आमचा समज होता. तो समज आमच्याच घरी खोटा ठरला. समाजबांधवांना त्यातून दोन शहाणपणाच्या गोष्टी कळाव्यात म्हणून ती हकीकत येथे सांगत आहोत.

गोष्ट मे २०२३ मधली. लोणंदच्या आमच्या घरी एक जुना संगणक आहे. दिवसभर नोकरी आणि रात्री समाजाचे काम, असा आमचा दिनक्रम असल्यामुळे वस्तीतील निम्मे कागद या संगणकात जमा झाले होते. जयंती कमिटीचे नऊ वर्षांचे हिशेब, मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या प्रती, म्हाताऱ्या माणसांच्या निराधार योजनेचे अर्ज, असे सारे त्यात होते. एके दिवशी संगणक सुरूच होईना. आम्ही तो दुरुस्तीला दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला. दुरुस्ती करणारा मोठ्या उत्साहाने म्हणाला, "साहेब, एकदम नव्यासारखा करून दिलाय."

घरी आणून बटण दाबले. संगणक झटकन सुरू झाला, पण आत काहीच नव्हते. एकही फाईल नाही, एकही फोटो नाही. फोन करून विचारले तर उत्तर आले, "रिकव्हरी मारली ना साहेब. कंपनीतून आला तेव्हा जसा होता तसा झाला."

त्याने आम्हाला विचारले नाही, हे खरे. पण आत काय आहे हे आम्हीही त्याला सांगितले नव्हते. दोष दोघांचाही होता.

दोन कागदांची चिंता

हिशेबाचे नुकसान मोठे होते, पण वह्या आणि पावत्या पाहून ते पुन्हा मांडता आले असते. आमचा जीव अडकला होता तो दुसऱ्याच दोन गोष्टींत.

पहिली गोष्ट आमच्या पुतणीची. ती बारावी झाली होती आणि पुढील प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव साताऱ्याच्या समितीकडे दाखल करायचा होता. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, हे आपल्या घरोघरी माहीत आहे. आमच्या आजोबांच्या नावाची शाळेच्या जुन्या रजिस्टरमधली नोंद आम्ही काही वर्षांपूर्वी मोठ्या खटपटीने मिळवली होती. तिचा कागद एका पावसाळ्यात पत्रा गळून भिजला आणि त्याचा लगदा झाला. राहिले होते ते फक्त संगणकातले स्कॅन. पुतणी दारात उभी राहून हळूच म्हणाली, "काका, पणजोबांचा दाखला पण त्यातच होता ना?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

दुसरी गोष्ट आमच्या आईची. आई २०१९ साली गेली. त्याच्या आदल्या वर्षी एका दुपारी तिला जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावून आम्ही त्या मोबाईलवर भरून घेतल्या होत्या. बावीस मिनिटांचे ते ध्वनिमुद्रण संगणकात टाकले आणि मोबाईलमधून काढून टाकले, कारण मोबाईलमध्ये जागा नव्हती. आईचे काही फोटोही तसेच. मुलीच्या सहीचा कागद एक वेळ पुन्हा मिळेल, पण आईचा आवाज कोणत्या कचेरीत अर्ज करून मिळणार?

यादी फाटते, गठ्ठे राहतात

आपल्या वस्तीतला एक मुलगा पुण्यात संगणकाच्या कामावर आहे. त्याला फोन लावला. तो पहिले वाक्य बोलला ते असे : "काका, आधी संगणक बंद करा. प्लग काढा. आता काही म्हणजे काही उघडू नका."

मग त्याने जे समजावून सांगितले ते आम्ही आमच्या कारकुनी भाषेत मांडतो. रेकॉर्ड रूममध्ये रॅकवर गठ्ठे असतात आणि दाराशी एक यादीचे रजिस्टर असते. कोणता कागद कोणत्या रॅकवर आहे ते यादी सांगते. संगणकाच्या हार्ड डिस्कचेही तसेच आहे. आपण फाईल पुसतो किंवा डिस्क झटपट फॉरमॅट होते, तेव्हा बहुधा फक्त ही यादी फाटते. गठ्ठे रॅकवरच असतात. संगणकाला मात्र यादीशिवाय काही दिसत नाही, म्हणून तो समजतो की सर्व रॅक मोकळे आहेत.

खरा धोका पुढे असतो. नवा कागद आला की संगणक तो कोणत्याही "मोकळ्या" रॅकवर ठेवतो, आणि तेथला जुना कागद कायमचा जातो. रिकव्हरी करताना नवी विंडोज प्रणालीच डिस्कची बरीच जागा घेते. तेवढ्या जागेतले जुने गेलेच. पण आमची डिस्क पाचशे जीबीची होती. त्यामुळे उरलेल्या मोठ्या भागात जुने गठ्ठे पडून असण्याची आशा होती.

आणि येथेच आमची चूक आम्हाला कबूल करायची आहे. त्या मुलाला फोन करण्यापूर्वी आदल्या रात्री आम्ही घाबरून, हरवलेल्या फाईल शोधून देणारा एक प्रोग्राम त्याच संगणकात, त्याच डिस्कवर उतरवून घेतला होता. जळत्या घरातले सामान वाचवायला जावे आणि जाताना कंदील लवंडावा, तसा हा प्रकार झाला. शोधणारा प्रोग्रामच जुन्या कागदांवर जाऊन बसला.

एक रविवार आणि चार आठवडे

रविवारी तो मुलगा रेल्वेने लोणंदला आला. त्याने संगणकातून हार्ड डिस्क काढली, एका वायरने आपल्या लॅपटॉपला जोडली आणि आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. "मूळ कागदाला हात लावायचा नाही, काम प्रतीवर करायचे," तो म्हणाला. हे तर आमच्या कचेरीतलेच तत्त्व! मग त्याने फोटोरेक नावाचा प्रोग्राम चालवला. हा प्रोग्राम फुकट मिळतो. तो फाटलेल्या यादीकडे पाहत नाही, थेट रॅकवर जाऊन एकेक कागद उलगडतो. प्रत्येक प्रकारच्या फाईलच्या सुरुवातीला ठरावीक खूण असते. फोटोची वेगळी, एक्सेलच्या हिशेबाची वेगळी. त्या खुणेवरून तो फाईल ओळखून बाहेर काढतो. हे काम रात्रभर चालले.

सकाळी हजारो फाईल मिळाल्या होत्या, पण एकीलाही नाव नव्हते. नाव यादीत असते आणि यादी तर फाटलेली. नुसते आकडे. त्यात कामाच्या फाईल थोड्या आणि इंटरनेटवरून आपोआप साठलेली बारीकसारीक चित्रे फार. पुढचे चार आठवडे रोज रात्री जेवणे झाली की सारे घर त्याच कामाला बसे. सौभाग्यवती साडीवरून लग्न ओळखत. "ही हिरवी साडी म्हणजे धाकट्या वन्संच्या लग्नातली," असे त्या म्हणाल्या की फोटोचे साल ठरे. मुलगा हिशेब वेगळे काढी.

तिसऱ्या आठवड्यात पुतणी ओरडली, "काका, सापडला!" आजोबांचा दाखला होता. नुसत्या स्कॅनवर समितीचे काम भागत नाही, साक्षांकित उतारा लागतो, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्या स्कॅनवर रजिस्टरचा अनुक्रमांक स्पष्ट होता. तो घेऊन आम्ही शाळेत गेलो. जुनी रजिस्टरे चाळत बसायचे कारणच उरले नाही, नेमके पान उघडले आणि नवा उतारा हातात पडला. प्रस्ताव मुदतीत दाखल झाला आणि मुलीला वैधता प्रमाणपत्र मिळाले.

हिशेबांपैकी सात वर्षांचे परत आले. दोन वर्षांचे आम्ही पावत्यांवरून पुन्हा लिहिले. आईचे फोटो काही मिळाले, काही मधूनच कापल्यासारखे निघाले.

आणि ओव्या? मोठी फाईल डिस्कवर कधी कधी सलग नसते. तिचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी असतात, आणि यादी गेली की ते जुळत नाहीत. बावीस मिनिटांतली नऊ मिनिटे परत आली. आई जात्याच्या लयीत म्हणत जाते आणि एका ओवीच्या अर्ध्यावर आवाज थांबतो. पुढची अर्धी ओवी आम्हा भावंडांपैकी कोणालाच आठवत नाही.

सारे एकाच बोटीत नको

हे दुःख केवळ आमचे नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून मायदेशी परतावे लागले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ त्यांनी दुसऱ्या बोटीने पाठवले होते. महायुद्ध चालू होते. ती बोट जर्मन पाणबुडीच्या माऱ्यात बुडाली आणि ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. बाबासाहेब खचले नाहीत. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. पण प्रत्येकाची बुद्धी आणि जिद्द बाबासाहेबांसारखी नसते. आपण सर्वसामान्य माणसांनी सारे धन एकाच बोटीत ठेवू नये, एवढे तरी शिकावे.

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसे दगावली आणि कागदांचीही राख झाली. त्यानंतर आमच्यासारख्या कचेरीतल्या माणसांना एक गोष्ट पक्की कळली : ज्या कागदाची प्रत दुसऱ्या गावच्या दुसऱ्या कचेरीत असते, तोच पुन्हा उभा करता येतो.

ओव्यांचेही तसेच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायाबापड्यांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या इंटरनेटवर प्रसिद्ध होत आहेत. त्या बायांची ओवी आज अनेकांजवळ आहे. आमच्या आईची ओवी आम्ही एकट्याने, एकाच पेटीत कुलूप लावून ठेवली होती.

घरोघरी एवढे करा

संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी कागदावर लिहून द्या : "आतील फाईल हव्या आहेत. न विचारता फॉरमॅट किंवा रिकव्हरी करू नये." त्यावर त्याची सही घ्या. शक्य असेल तर आधी फाईल काढून घ्या.

रिकव्हरी होऊनच गेली असेल, तर प्रथम डी ड्राईव्ह पाहा. पुष्कळदा फक्त सी ड्राईव्ह पुसला जातो. सी ड्राईव्हवर "विंडोज डॉट ओल्ड" नावाचे फोल्डर आहे काय तेही पाहा. असल्यास जुन्या फाईल त्यात असू शकतात, पण ते साधारण दहा दिवसांत आपोआप नाहीसे होते. तेथे काही न मिळाल्यास संगणक बंद करा आणि जाणकाराला बोलवा. सापडलेल्या फाईल त्याच डिस्कवर कधीही साठवू नका. डिस्क टकटक आवाज करीत असेल तर ती पुन्हा सुरूदेखील करू नका.

नव्या संगणकात एसएसडी नावाची डिस्क असते. तिच्यावर पुसलेले रॅक संगणक स्वतःच लवकर झाडून टाकतो, म्हणून तेथे आशा फार थोडी. आजच्या मोबाईलला फॅक्टरी रिसेट मारला तर तेथेही हीच गत. प्रत आधीच काढलेली असेल तरच उपयोग.

म्हणून महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती ठेवा. एक संगणकात, एक पेन ड्राईव्ह किंवा वेगळ्या डिस्कवर, आणि एक घराबाहेर : बहिणीच्या घरी किंवा इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका सरकारच्या डिजिलॉकरमधून मिळू शकतात, ते खाते मुलांना काढून द्या. जुन्या दाखल्याचा रजिस्टर क्रमांक, पान आणि शाळेचे नाव एका साध्या वहीत लिहून ठेवा. कागद गेला तरी त्या एका ओळीवरून तो पुन्हा मिळतो. आणि पेन ड्राईव्ह दुकानात विसरू नका, त्यात आपले आधार कार्ड असते.

आता आमच्या विहारात दर महिन्याच्या एका रविवारी दोन मुले लॅपटॉप घेऊन बसतात. ज्याला दाखल्यांच्या प्रती काढायच्या असतील त्याने यावे. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांनी त्यांनाही आणावे. त्यांच्या ओव्या, गाणी, आठवणी भरून घेतल्या जातात आणि प्रत लेकीसुनांना, नातवंडांना तेथेच दिली जाते. आपल्याही गावी हे करता येईल. त्याला फारसा पैसा लागत नाही. आईचा आवाज घरात आहे तोवर ते करा.

जयभीम.