पंधरा लिटरचा उतारा

पहाटे ५.४५
सरमकुंडी फाट्यापासून आत, कुंथलगिरीच्या बाजूची एक खवाभट्टी. मामांनी बाभळीचं जळण चुलाणात सारलंय. दोन कढया रात्रीच घासून पालथ्या घातल्यात. ती भिंतीला टेकून वही उघडते. एमबीएचं दुसरं वर्ष, विषय ऑपरेशन्स. प्रकल्प घरच्याच भट्टीवर. तिची हत्यारं तीन : मोबाइलचं घड्याळ, वजनकाटा आणि चाळीस रुपयांची वही.

सकाळी ६.२०
पहिले कॅन आले. वस्तीवरचे दोन मोटारसायकलवर, एक चालत. भट्टीमालक आण्णा लॅक्टोमीटर बुडवून बघतात, माप घेतात, कार्डावर लिहितात. गाईचं दूध, तीस रुपये लिटर, सगळ्यांना सपाट भाव. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी. साडेसहाला जाळ लागतो, पहिल्या दोन कढया चढतात, सातपर्यंत एकशेवीस लिटर दूध जमतं.

सकाळी ७.००
कढईत पंधरा लिटर. मामा लांब दांड्याचं उलथणं फिरवत राहतात. डावीकडच्या कढईत दहा फेरे, मग उजवीकडे. हात थांबला की दूध तळाला लागतं, आणि लागलेल्या दुधाचा वास खव्यातून जात नाही. शेवटच्या दहा मिनिटांत जाळ कमी करायचा, रेटा वाढवायचा. घाम कोपरावरून कढईत पडू नये म्हणून मामांच्या दोन्ही मनगटांना फडकी बांधलेली. सकाळ-संध्याकाळ मिळून सोळा कढया, मजुरी रोज पाचशे रुपये.
"हे लिहून काय करायलीस गं?" मामा विचारतात.
"कुठली कढई किती वेळ घेते ते बघायलेय."
"मला विचार की. लाकूड ओलं असलं की घेती."
ती तेही लिहिते.

सकाळी ७.४०
पहिल्या दोन कढया उतरल्या. एकीचा उतारा दोन किलो सातशे ग्रॅम. दुसरीचा दोन किलो चारशेऐंशी. दूध तेवढंच, जाळ तेवढाच, माणूस तोच.
वहीतला हिशेब असा : दूध साडेचारशे रुपयांचं. लाकूड बारा किलो, सहाच्या भावानं बहात्तर. मजुरी एकतीस. खव्याला भाव दोनशेवीस. पहिल्या कढईत एक्केचाळीस रुपये उरले, दुसरीत सात रुपये पदरचे गेले. पिशवी आणि गाडीभाडं अजून धरलेलंच नाही.
ऑपरेशन्स हा विषय जागतिक बंदरांचा आणि मोठ्या गोदामांचा आहे असं समजणाऱ्याने हे पान वाचावं. दोनशेवीस ग्रॅमवर धंदा उभा आहे.

सकाळी ८.१०
फाट्यावर एसटी. मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणून रोजचं जाणं-येणं परवडतं. खिडकीशी बसून ती मोबाइलवर आकडे चढवते. येरमाळ्यापर्यंत जागा असते, पुढे उभ्यांची गर्दी.

सकाळी ९.५०
धाराशिव बसस्थानक. उपकेंद्रापर्यंत शेअर रिक्षाचे वीस रुपये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं हे उपकेंद्र २००४ सालचं. ते नसतं तर या शिक्षणासाठी कदाचित मोठं शहर गाठावं लागलं असतं, खोलीभाडं आणि मेससकट.

सकाळी १०.३०
फळ्यावर सूत्र : एका वेळी किती माल मागवावा? वर्षाची मागणी, एका ऑर्डरचा खर्च, साठवणीचा खर्च. फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्यानं १९१३ साली मांडलेलं. ती हात वर करते.
"सर, यात माल नासत नाही असं धरलंय का?"
"धरलंय. तुमचा माल कोणता?"
"खवा."
सर सूत्र पुसतात आणि पेपरवाल्याचं गणित मांडतात. सकाळी अंक कमी घेतले तर गिऱ्हाईक परत जातं, जास्त घेतले तर रात्री रद्दी होते. दोन्ही तोट्यांचं प्रमाण काढायचं आणि त्यावरून किती घ्यायचं ते ठरवायचं. फाट्यावरचे पेढेवाले नेमकं हेच करतात. रविवारी आणि पौर्णिमेला जास्त खवा, सोमवारी कमी. तासात वेळ उरत नाही, पण वहीची दोन पानं भरतात.

दुपारी १.१५
वडापाव पंधरा, चहा दहा.

दुपारी २.००
ग्रंथालय. एलियाहू गोल्डरॅट यांचं 'द गोल', १९८४. कारखान्याचा वेग त्यातल्या सगळ्यात अडलेल्या जागेवर ठरतो, असं पुस्तक सांगतं. तिच्या भट्टीवर अडलेली जागा कढई. दोन कढया, कढईला एक तास, आठ घाणे. म्हणजे शेवटच्या दुधाला तीन तास थांबावं लागतं. एप्रिलमध्ये तेवढ्यात दूध आंबतं. म्हणून आधी आलेलं दूध आधी, हा नियम चालत नाही. आधी पिळलेलं दूध आधी. लांबच्या वस्तीचा कॅन पुढे घ्यायचा. मामा हे झाकण उघडून वासावर करतात. वहीत मात्र त्याची नोंद आज झाली.
तिसरी कढई हा सरळ उपाय वाटतो. पण तिसऱ्या कढईला दुसरा माणूस लागेल, आणि उरतात एक्केचाळीस रुपये. भूम तालुक्यात काही ठिकाणी सौरऊर्जेवर खवा करणारी यंत्रं आली आहेत. लाकडाचे बहात्तर रुपये त्यात वाचतील. हप्ता किती बसेल, हे गणित पुढच्या आठवड्याचं.

दुपारी ४.३०
परतीची एसटी. ती झोपते.

सायंकाळी ६.४०
संध्याकाळचं दूध. सकाळचा एकवीस किलो खवा आतल्या खोलीत फडक्याखाली आहे. ती थर्मामीटर बघते : चौतीस अंश. फ्रीजमध्ये खवा दोनेक आठवडे टिकतो, उन्हाळ्यात उघड्यावर दोन-तीन दिवस. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. या खोलीला अजून पंखाच आहे.
जेवताना ती आण्णांना म्हणते, "सपाट भाव बंद करून दुधातल्या फॅटवर भाव देऊ."
"पातळ दूधवाले दुसऱ्या भट्टीला जातील."
"जाऊ द्या. ती कढई तोट्यातच आहे."
आण्णा वही मागून घेतात. सकाळचं पान दोनदा वाचतात.

रात्री १०.१५
खवा पिशव्यांत, पिशव्या पाट्यांत, पाट्या मोटारसायकलवर. फाट्यावर सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी गाडी. पाटीमागे भाडं आणि हमाली मिळून साठ रुपये, रोख. भाव उद्या सकाळी फोनवर कळेल.

तिचा अहवाल इंग्रजीत होणार, विभागात जमा होणार, त्यावर तोंडी परीक्षा होणार. त्याची एक प्रत तिने मराठीत करावी आणि भट्टीच्या भिंतीवर, दुधाच्या कार्डांशेजारी लावावी. मार्गदर्शकांनी तेवढी एक अट घालावी.