जहाजभाड्यावरील जादा आकार

परदेशी माल धाडणाऱ्या पेढीच्या हाती जहाज कंपनीचे बिल पडते, तेव्हा त्यात पहिल्या ओळीस मूळ भाडे असते आणि तिच्याखाली आठ-दहा ओळींची रांग असते. इंधनाचा आकार, चलनाचा आकार, बंदरातील हाताळणीचा आकार, हंगामाचा आकार, युद्धधोक्याचा आकार, अशी त्यांची नावे. नवख्या व्यापाऱ्याचा सौदा बहुधा पहिल्या ओळीवर ठरलेला असतो आणि त्याचा नफा खालच्या ओळींत जातो. ह्या ओळी कोठून आल्या, त्यांपैकी कोणत्या रास्त व कोणत्यांना हरकत घेता येईल, हे पाहणे म्हणूनच निव्वळ कारकुनी काम नव्हे.

जादा आकाराची चाल नवी नाही. शिडांच्या जहाजांच्या काळी आपल्या मालाची नीट निगा राखली जावी म्हणून व्यापारी कप्तानाला भाड्याखेरीज थोडी बक्षिसी देत. तिला ‘प्राइमेज’ म्हणत. पुढे ही बक्षिसी कप्तानाच्या खिशातून निघून जहाजमालकाच्या हिशेबात गेली आणि भाड्यावर शेकडा अमुक अशा दराने बिलात येऊ लागली. निगेशी असलेला संबंध सुटला, आकार मात्र राहिला. ह्या जातीच्या आकारांचा स्वभाव कळण्यास एवढे एक उदाहरण पुरे आहे.

आज दिसणारे आकार मुख्यत्वे १९७० नंतरच्या दशकात रूढ झाले. १९७१ साली डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तुटले व निरनिराळ्या चलनांचे भाव वरखाली होऊ लागले. १९७३ च्या अखेरीस तेलाच्या किमती काही महिन्यांत सुमारे चौपट झाल्या. जहाज कंपन्यांचे दर मात्र पुष्कळ महिन्यांसाठी बांधलेले असत. मूळ दर न मोडता वाढता खर्च कसा वसूल करावा, ह्या अडचणीतून इंधनाचा व चलनाचा असे दोन आकार वेगळे काढण्यात आले. कल्पना मुळात न्याय्य होती. तेल महागले तर आकार चढावा, स्वस्त झाले तर उतरावा. त्याचा हिशेबही अवघड नाही. समजा, करारात जहाजाच्या तेलाची पायाभूत किंमत टनास ५०० डॉलर धरली आहे व ती ६०० झाली. त्या मार्गावर एका वीस फुटी कंटेनरमागे ०.४ टन तेल जळते असे कंपनी मानत असेल, तर आकार ४० डॉलर झाला. व्यापाऱ्याने विचारावयाचे प्रश्न ह्यातच आले: पायाभूत किंमत कोणती, ती कोणत्या बंदरातील, कंटेनरमागे तेल किती धरले, आणि आकार किती महिन्यांनी बदलणार. ही उत्तरे कंपनीकडून लेखी मिळाली, तर तो आकार हिशेब झाला. न मिळाली, तर ती केवळ मागणी होय.

एके काळी हे आकार सर्व कंपन्या मिळून ठरवीत. १८७५ साली कलकत्त्याच्या व्यापारासाठी कंपन्यांची जी परिषद झाली, ती ह्या प्रकारच्या संघांत आद्य मानली जाते. युरोपच्या व्यापारात अशा संघांना मिळालेली कायद्याची सूट १८ ऑक्टोबर २००८ पासून बंद झाली. तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपापला आकार आपापल्या नावाने लावते. स्पर्धा वाढली हे खरे; पण एकाच खर्चाला चार नावे झाल्यामुळे तुलना मात्र कठीण होऊन बसली. एकीचे मूळ भाडे कमी व पुरवण्या मोठ्या, दुसरीचे भाडे चढे व पुरवण्या थोड्या, असे सर्रास आढळते. एकूण रकमेशी एकूण रक्कम ताडून पाहावी, नावांच्या नादी लागू नये.

ह्या साऱ्याची खरी कसोटी मार्गच बंद होतो तेव्हा लागते. १९६७ च्या जूनमध्ये सुवेझ कालवा बंद झाला तो १९७५ च्या जूनमध्ये उघडला, आणि त्या काळात मुंबईहून युरोपास जाणारा माल आफ्रिकेला वळसा घालून जात असे. तोच प्रसंग नव्या रूपाने पुन्हा आला. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधील हूथींनी ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज तांबड्या समुद्रात पकडले, आणि डिसेंबरात मोठमोठ्या कंटेनर कंपन्यांनी तो मार्ग सोडून केप ऑफ गुड होपची वाट धरली. नेमका तोच नाशिकच्या द्राक्षांच्या हंगामाचा आरंभ. न्हावा-शेव्याहून रॉटरडॅमकडे जाणारी द्राक्षे शीत-कंटेनरात सुमारे शून्य अंशावर ठेवून धाडतात. त्यांच्या प्रवासात सुमारे १० ते १५ दिवसांची भर पडली. भाडे वाढले, त्यावर नव्या नावांचे आकार आले, आणि फळाचे वय मात्र वाढवून मिळण्यासारखे नव्हते.

हा बोजा केवढा असू शकतो, हे कल्पित आकड्यांनी पाहावे. एका कंटेनरात १३ टन द्राक्षे आहेत व सौदा झाल्यानंतर १,५०० डॉलरची भर पडली. किलोमागे ती साडेअकरा सेंट होते. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर जवळजवळ १० रुपये. व्यापाऱ्याने किलोमागे ८ रुपये नफा धरला असेल, तर माल सुखरूप पोहोचूनही तो तोट्यात गेला. बागाइतदाराला दिलेला दर परत घेता येत नाही, आणि पुढल्या वर्षी तोच दर देण्याची त्याची ऐपत उरत नाही.

ही भर कोणाच्या माथी पडावी, हे सौद्याच्या तीन अक्षरांवर ठरते. एफ.ओ.बी. सौद्यात माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा. पुढले भाडे व त्यावरील आकार घेणाऱ्याचे. सी. अँड एफ. किंवा सी.आय.एफ. सौद्यात भाडे विकणाऱ्याने भरावयाचे, म्हणून आकारही त्याच्याच अंगावर येतात. परदेशी दुकानदारास पोचता दर हवा असतो आणि तो देण्यात व्यापाऱ्याला भूषण वाटते. पण ते भूषण महागात पडते. दर पोचताच द्यावयाचा असल्यास त्यातील भाड्याची रक्कम व ती कोणत्या तारखेची हे करारात वेगळे लिहावे, आणि त्यापुढील वाढ घेणाऱ्याच्या खाती असे कलम घालावे. घेणारा सारी वाढ पत्करत नसेल, तर निम्मी तरी पत्करतो का, ते पाहावे.

कंपनीच्या दरपत्रकात सर्वांत धोक्याचे वाक्य बहुधा अगदी शेवटी बारीक अक्षरांत असते: ‘माल चढवितेवेळी चालू असतील ते आकार लागू’. ह्या वाक्याने वरच्या साऱ्या आकड्यांची शाश्वती जाते. त्याऐवजी आकारांची नावनिशीवार यादी व ती कोणत्या तारखेपर्यंत कायम, हे लिहवून घ्यावे. तारीख कोणती धरणार, हेही विचारावे: माल बंदराच्या फाटकातून आत आल्याची, की जहाज सुटल्याची? जहाज आठवडाभर उशिरा लागले, तर ह्याच फरकाने नवा आकार अंगावर येतो.

काही आकार कारणानिशी तपासता येतात. जहाज केपवरून जात असेल, तर जादा तेलाचा खर्च मागणे समजण्याजोगे आहे. पण तांबड्या समुद्रातील युद्धधोक्याचा आकारही त्याच फेरीस लावणे तर्काला धरून नाही, आणि तसे विचारावयास संकोचू नये. उलट युरोपीय संघाने १ जानेवारी २०२४ पासून जहाजांच्या धुरावर जी आकारणी सुरू केली, ती कायद्याची आहे. बाहेरून येणाऱ्या फेरीच्या निम्म्या धुरावर ती बसते, आणि २०२४ च्या धुरापैकी ४० टक्के, २०२५ च्या ७० टक्के व २०२६ पासून पूर्ण हिशेबात येतो. लांबच्या वाटेने धूर अधिक, म्हणून हाही आकार अधिक. डॉलरमधील भाडे रुपयांत घेताना कंपनी लावते तो विनिमयाचा दर मात्र जरूर पाहावा. तो पुष्कळदा बँकेच्या दराहून चढा असतो आणि बिलात त्याची वेगळी ओळ नसते.

विम्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. केवळ उशिरामुळे माल खराब झाला, तर नेहमीच्या सागरी विम्यात त्याची भरपाई मिळत नाही. युद्धाचा धोकाही वेगळा हप्ता भरूनच विम्यात घ्यावा लागतो.

आणि हरकत घ्यावयाची ती माल बंदरात जाण्यापूर्वी. भाडे आगाऊ भरावयाच्या सौद्यात बिल चुकते झाल्यावाचून कंपनी ‘बिल ऑफ लेडिंग’ हाती देत नाही. तो कागद नसला तर बँकेकडे दस्तऐवज जात नाहीत व मालाचे पैसेही सुटत नाहीत. जहाज सुटल्यावर वाद घालणारा व्यापारी तेव्हा बहुधा आधी पैसे भरतो, आणि मग पत्रव्यवहार करीत बसतो.