काचमणी, लोलक आणि त्यांना धरून ठेवणारा जोड

काचेचे मणी आणि धातूचे लोलक घेऊन दागिना घडवायचा, म्हणजे दोन विरुद्ध स्वभावाचे पदार्थ एकत्र नांदवायचे. काच कठीण पण ठिसूळ. ती वाकत नाही, तडकते. चांदी, पितळ, तांबे मऊ. ते वाकतात, झिजतात, पण सहसा फुटत नाहीत. गळ्यात किंवा मनगटावर दिवसभर हलणाऱ्या दागिन्यात हे दोन्ही सतत एकमेकांवर घासत असतात. असा दागिना तुटतो तेव्हा मणी किंवा लोलक बहुतेक वेळा शाबूत असतो. दगा दिलेला असतो तो दोऱ्याने, कडीने किंवा फाशाने. तरीही मणी निवडण्यात तास घालवणारी माणसे दोरा मात्र हाताला लागेल तो घेतात. हाताने दागिने करायला शिकताना सर्वाधिक लक्ष द्यायला हवे ते याच जोडाकडे.

महाराष्ट्रात या प्रकारचा दागिना नवा नाही. काळे काचमणी आणि सोन्याच्या दोन वाट्या यांचे मंगळसूत्र हे त्याचेच सर्वांत परिचित रूप. ते सोनाराइतकेच मणी ओवणाऱ्या पटवेकऱ्याचे काम. वाट्या सोनार घडवतो. सर किती पदरी, दोन वाट्यांमध्ये किती मणी, गाठ कुठे बसवायची आणि ती दिसू न देता कशी आवळायची, हे गाठवणारा ठरवतो. पूर्वी दोऱ्यात ओवलेली पोत ठरावीक काळाने पुन्हा गाठवून घेण्याची पद्धत होती, आणि ती अतिशय शहाणपणाची होती. दोरा झिजणार हे गृहीत धरूनच तो दागिना केलेला असे. पुढे सोन्याच्या तारेत गाठवण्याची पद्धत आली. त्यात प्रत्येक मणी स्वतंत्र तारेवर बसतो आणि दोन्ही टोकांच्या कड्या शेजारच्या कड्यांत अडकतात. एक कडी उघडली तरी उरलेले मणी ओघळत नाहीत.

काचेचा मणी या भूमीलाही जुना आहे. नेवासे, तेर, पैठण, कोल्हापूरजवळची ब्रह्मपुरी अशा ठिकाणच्या उत्खननांत सातवाहनकाळातील थरांतून काचमणी मिळाले आहेत. भारतीय काचेचा इतिहास सविस्तर मांडण्याचे मोठे काम पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षित यांनी केले. त्या काळच्या बारीक, एकरंगी मण्यांपैकी पुष्कळसे ओढीव काचेचे आहेत. पुदुच्चेरीजवळचे अरिकामेडू हे त्यांच्या निर्मितीचे प्रसिद्ध केंद्र. दक्षिण भारतातून असे मणी आग्नेय आशियापर्यंत गेले.

ओढीव मण्याची कृती मोठी विलक्षण आहे. तिरुपतीजवळच्या पापानायडुपेट या गावात ती विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. वितळलेल्या काचेचा मोठा गोळा लोखंडी नळीच्या टोकावर घेऊन त्याला शंकूचा आकार द्यायचा, आतून सळई घालून तो पोकळ करायचा आणि भट्टीच्या तोंडातून त्याची बारीक नळी ओढत न्यायची. काच कितीही लांब ओढली तरी मधली पोकळी टिकते. तीच पुढे मण्याचे भोक होते. नळीचे तुकडे करून ते राखेत मिसळून पुन्हा तापवले की कडा गोल होतात. राखेमुळे भोक बुजत नाही आणि मणी एकमेकांना चिकटत नाहीत.

दुसरी पद्धत गुंडाळीव मण्याची. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातील पुर्दिलनगर आणि वाराणसी ही काचमण्यांची नावाजलेली ठिकाणे. पोलादी सळईवर चिकणमातीसारखा पातळ लेप देतात, तो वाळू देतात आणि ज्योतीत मऊ झालेल्या काचकांडीची धार तिच्यावर गुंडाळत जातात. सळई फिरत राहिली तरच मणी गोल राहतो. हात थांबला की काच खाली ओघळते. वर दुसऱ्या रंगाचे ठिपके, वेलबुट्टी, फुले काढता येतात. इटलीत व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १२९१ मध्ये काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, आणि तिथल्या मण्यांनी पुढे जगभरची बाजारपेठ व्यापली. झेक प्रजासत्ताकातील याब्लोनेत्स हे गाव तिसऱ्या पद्धतीसाठी, साच्यात दाबलेल्या मण्यांसाठी ओळखले जाते. पाने, फुले, पाकळ्या अशा आकारांचे एकसारखे मणी या पद्धतीनेच निघतात.

मणी हातात आला की तो कोणत्या पद्धतीचा हे साध्या भिंगातून कळते. ओढीव मण्यातल्या रेषा आणि बारीक बुडबुडे भोकाला समांतर असतात, गुंडाळीव मण्यात ते भोकाभोवती वेढे घेतात, तर दाबीव मण्यावर साच्याची शिवण दिसते. हे पाहायला हवे, कारण भोकाची कड यावरच अवलंबून असते. गुंडाळीव मण्यात लेपाची पांढरी भुकटी राहिलेली असेल तर ती दोरा कुरतडते. ती पाण्याखाली बारीक ब्रशने काढावी. कोरडी घासली तर धूळ श्वासात जाते. ज्या मण्याच्या भोकाची कड नखाला टोचते, तो कितीही सुंदर असला तरी दोऱ्यात ओवू नये. त्याची जागा तारेवर.

मण्याची मजबुती आणखी एका गोष्टीवर ठरते: तो किती सावकाश थंड केला. गरम मण्याचा बाहेरचा भाग लवकर निवतो, आतला उशिरा, आणि त्या फरकाने काचेत ताण अडकून राहतो. असा मणी दुकानात ठणठणीत दिसतो आणि महिन्याभराने आपोआप तडकतो. म्हणून चांगले कारागीर मऊ काचेचे मणी सुमारे ५०० अंश सेल्सिअसला काही काळ ठेवून मग हळूहळू थंड करतात. वेगवेगळ्या जातीच्या काचा एका मण्यात मिसळू नयेत, याचेही कारण तेच. त्या निवताना सारख्या प्रमाणात आकसत नाहीत.

बारीक मण्यांच्या मापात नवशिक्यांचा नेहमी गोंधळ होतो. आकडा जितका मोठा, तितका मणी लहान. ११ क्रमांकाचा मणी साधारण २ मिलिमीटरचा, ८ क्रमांकाचा ३ आणि ६ क्रमांकाचा ४ मिलिमीटरचा. रंगाचेही प्रकार आहेत. काचेच्या अंगातच रंग असेल तर तो जात नाही: कोबाल्टने निळा, तांब्याने फिरोजी आणि हिरवा येतो, आणि पुष्कळ काळी काच पातळ ओढून उजेडात धरली तर गडद जांभळी दिसते. भोकाला आतून रंग किंवा चांदीचा मुलामा दिलेले मणी चमकदार असतात, पण घामाने, साबणाने काळवंडतात. वरून रंग फासलेला मणी सर्वांत कच्चा. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात एक मणी बुडवून पाहिला की खरेदीपूर्वीच निवाडा होतो.

आता लोलक. छोट्या धातूच्या आकृत्या माळेत गुंफण्याची कल्पना कोल्हापुरी साजाने परमोच्च टोकाला नेली आहे. परंपरेने त्यात २१ पानड्या धरतात: दशावतारांच्या १०, अष्टमंगलाच्या ८, माणिक आणि पाचूची एकेक, आणि एक डोरल्याची. मासा, कासव, शंख, कमळ, नाग अशा ओळखीच्या आकृत्या नखाएवढ्या पत्र्यात उतरवणे हे मराठी सोनारकामाचे वैभव आहे, आणि आजच्या लोलकांच्या बाजाराने त्याच्याकडून खूप काही घ्यावे. साजातील पानडी सपाट असते, तिच्या कड्या बाजूंना असतात, त्यामुळे ती गळ्यावर उलटत नाही. बाजारातील बहुतेक लोलकांना एकच कडी वर असते. ते गरगर फिरतात आणि पाठ दाखवतात. एकाच बाजूला नक्षी असलेला लोलक म्हणूनच माळेच्या मध्यभागी एकटा घालण्याऐवजी झुपक्यात घालणे चांगले.

स्वस्त लोलक बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, त्यावर सोनेरी किंवा रुपेरी मुलामा असतो. पितळेचे पत्र्यातून ठशाने उठवलेले लोलक हलके आणि टिकाऊ. चांदीत ९२५ शिक्का असलेला माल उत्तम. वजनदार लोलक, घुंगरू, कड्या कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीसारख्या चांदीकामाच्या गावात आजही हाताने होतात. मुलाम्याखालच्या निकेलकडे डोळेझाक करू नये. निकेलने पुष्कळांच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ येते. युरोपीय संघात त्वचेला दीर्घकाळ लागणाऱ्या वस्तूंतून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा नियम आहे. कानातल्याच्या दांडीसाठी तरी चांदी किंवा चांगले स्टेनलेस स्टीलच वापरावे. लहान मुलांच्या दागिन्यात, मुले वस्तू तोंडात घालतात म्हणून, शिसे आणि कॅडमियमचा संशय असलेला अनोळखी ओतीव माल मुळीच नको.

कठीणपणाच्या मोहस् मापावर काच साधारण ५.५, तर चांदी आणि पितळ ३च्या आसपास. त्यामुळे काचमण्याला खेटून बसलेल्या लोलकाचा मुलामा प्रथम जातो. लोलक थेट सरात न ओवता कडीने लटकवावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे धातूचे मणी बसवावेत. झीज मग त्या स्वस्त मण्यांवर जाते.

जोडाचे साहित्य दागिन्याच्या कामानुसार निवडायचे असते. रेशीम सुंदर पडते, पण ताणले जाते. ते वजन लटकवून आधी ताणून घ्यावे आणि दोन मण्यांमध्ये गाठ घालावी. गाठीमुळे काच काचेवर आपटत नाही आणि तुटले तर एकच मणी हरवतो. तंगूस स्वस्त आणि पारदर्शक असतो, पण काही काळाने कडक होऊन भोकाच्या कडेशी तुटतो. कायमच्या दागिन्याला तो वापरू नये. जड काचमणी आणि लोलकांसाठी दुकानात ज्याला गिअर वायर म्हणतात, ती नायलॉनचे आवरण असलेली बारीक पोलादी तारांची दोरी योग्य. तारा ७, १९ किंवा ४९ असतात. संख्या वाढते तशी दोरी लवचिक होते. तिची टोके गिअर लॉक या लहान नळीसारख्या मण्यात दाबून बंद करतात. टोक आवळताना सरात एक-दोन मिलिमीटरची ढील सोडावी, नाहीतर माळ ताठ उभी राहते आणि दोरी मण्यांच्या कडांवर घासते.

कडी उघडताना तिची दोन टोके एकमेकांपासून दूर ओढली तर तिची गोलाई कायमची बिघडते. दोन पकडींनी एक टोक पुढे, एक मागे असे तिरके फिरवावे. बंद करताना टोके किंचित पुढे नेऊन मग जागेवर आणावीत, कारण धातू मागे उसळतो. फट दिसत नाही आणि नखाला जाणवत नाही, तेव्हाच कडी बंद झाली. जड लोलकाला डाग दिलेली, म्हणजे झाळलेली कडीच हवी. एकट्या मण्याला एका टोकाला टोपी असलेल्या पिनेवर घेतल्यास वर एक सेंटिमीटर तार राखून ती काटकोनात वाकवावी, गोल चिमट्यावर फास घालावा आणि उरलेली तार मानेला दोन-तीन वेढे द्यावी. नुसता फास जड लोलकाने सरळ होतो. वेढा दिलेला होत नाही. साध्या मण्यांना ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीची तार पुरते.

लांबी मोजताना मण्याची जाडी विसरली जाते. सर गोल बसला की मण्यांचा आतला अर्धा भाग मनगटाकडे येतो, आणि आतील घेर मण्याच्या व्यासाच्या सुमारे तिपटीने कमी भरतो. १० मिलिमीटरच्या मण्यांचे कंकण म्हणूनच मनगटाच्या मापापेक्षा तीन सेंटिमीटर अधिक लांब करावे लागते. वर हालचालीसाठी थोडी जागा वेगळी. वजनही आधी मोजावे. ८ मिलिमीटरचा काचमणी साधारण दोन-तृतीयांश ग्रॅमचा, आणि त्याच आकाराचा भरीव पितळी मणी त्याच्या तिपटीहून जड. कानातल्यात हा फरक पाळीला लगेच कळतो.

असा दागिना अत्तर, तेल आणि केसांचे फवारे लावून झाल्यावर घालावा, आणि उतरवल्यावर मऊ कोरड्या कापडाने पुसून सुती पिशवीत वेगळा ठेवावा. रोजच्या वापरातील सराचा दोरा फाशाजवळ प्रथम विरतो. तिथे तंतू उसवलेले किंवा रंग फिका पडलेला दिसला की पुन्हा ओवण्याची वेळ झाली. जुना सर कापण्यापूर्वी मण्यांचा क्रम एका खाचेच्या ताटलीत किंवा दुमडलेल्या टॉवेलच्या घडीत मांडून ठेवावा, प्रत्येक भोक तपासून तुटक्या कडांचे मणी बाजूला काढावेत आणि मगच नवा दोरा घालावा.