वाकडे पाऊल आणि सिस्टरची पायपीट

आमच्या वस्तीत एक बाळ जन्मले ते दोन्ही पावले आत वळलेली घेऊन. आजीने कपाळावर हात मारला. सुनेने ग्रहणात विळी हाती धरली, त्याचे हे फळ, असे तिचे म्हणणे. घरात बाबासाहेबांची तसबीर, दारावर पंचशील ध्वज. पण ग्रहण काही घरातून गेले नव्हते! सून बिचारी खाल मानेने ऐकून घेई.

अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकातील सिस्टरने बाळ मांडीवर घेतले आणि म्हणाली, "आजी, ग्रहण साऱ्या गावाला लागलं होतं. मग पाय एकाच बाळाचे वाकडे कसे?" आजी गप्प झाली. सुनेने मान वर केली. उपचार त्या दिवशी सुरू झाला, असे आम्ही मानतो.

हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून तो सुरू झाला. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी होते. जन्मजात व्यंग, हृदयरोग, बहिरेपणा, वाढीतील विलंब शोधून पुढील उपचार मोफत होतात. वयोमर्यादा १८ वर्षे.

वाकडे पाऊल हजारात साधारण एका बाळाला असते. वेळीच उपचार झाले तर बहुतेक मुले नीट चालतात. दर आठवड्याला प्लास्टर बदलायचे, असे पाच-सहा वेळा. मग बहुतेकांची टाचेमागची आखडलेली शीर किंचित कापून मोकळी करतात. त्यानंतर दांडीला जोडलेले बूट; तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार वर्षांचा होईपर्यंत झोपताना.

लिहायला सोपे आहे. बाप मुंबईला कामाला. आईने दर आठवड्याला एस.टी.ने रत्नागिरी गाठायची आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची. तरी तिने सारी प्लास्टरे पुरी केली. बूट आले आणि बाळ रात्रभर रडू लागले. तेव्हा आम्हीच शहाणपणाने बोललो, "पाय सरळ झाले, आता पोराला कशाला छळता?" बूट फळीवर गेले. महिन्या-दोन महिन्यांत पावले पुन्हा वळू लागली. ही चूक आमची होती.

उपकेंद्राची सिस्टर रागावली नाही. पुन्हा प्लास्टर करवून घेतले. बूट आल्यावर घरी येऊन आजीलाच शिकवले: आधी सुती मोजा, मग टाच तळाला नीट टेकवायची, नंतर पट्टा आवळायचा. प्लास्टर असताना बोटे निळी, थंड वा सुजलेली दिसली, तर थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा. बापालाही फोनवर समजावले. आता रोज रात्री बूट आजीच चढवते.

या कार्यक्रमातील परिचारिका कंत्राटी आहेत. आपली लेकरे पायावर उभी करणाऱ्या बाईच्या नोकरीलाच पाया नाही, हे आपण बोलले पाहिजे.

बंधू-भगिनींनो, अंगणवाडीत तपासणीचे पथक येईल त्या दिवशी व्यंग असलेले मूल घरात लपवू नका. शेजारणीची मजुरी बुडत असेल, तर महिला मंडळाने एस.टी.चे भाडे जमवावे. आणि आमच्यासारखा कोणी न विचारता सल्ला देऊ लागला, तर त्याला आधी सिस्टरकडे धाडा!