औषधप्रदान, परिचर्येतील

वैद्याने लिहून दिलेले औषध पडताळून व मोजून रुग्णास देणे, त्याचा परिणाम पाहणे आणि या सर्वांची नोंद ठेवणे, या परिचारिकेच्या कार्यास औषधप्रदान असे म्हणतात. औषध लिहिणारा वैद्य, ते पुरविणारा औषधनिर्माता आणि ते प्रत्यक्ष पाजणारी वा टोचणारी परिचारिका अशी ही साखळी असते. वैद्याच्या हातून झालेली चूक औषधनिर्माता पकडू शकतो व दोघांची चूक परिचारिका पकडू शकते. परिचारिकेची चूक पकडणारा मात्र तिच्यानंतर बहुधा कोणीच नसतो. म्हणून परिचर्येच्या शिक्षणात या विषयास प्रारंभापासूनच स्थान दिलेले असते [⟶ परिचर्या].

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ या पाच कसोट्या विद्यार्थिनींना प्रथम शिकविल्या जातात. योग्य नोंद, औषध देण्यामागील कारण, रुग्णाचा प्रतिसाद व औषध नाकारण्याचा त्याचा हक्क यांचीही भर अलीकडे त्यांत घातली जाते. या कसोट्या काय साधावयाचे ते सांगतात. ते कसे साधावयाचे हे त्यांत नसते. कसोट्या अचूक म्हणून दाखविणारी विद्यार्थिनी रात्रपाळीत, एका हातात औषधांचे तबक व दुसऱ्या बाजूस नातेवाइकांचे प्रश्न अशा स्थितीत, चुकू शकते.

रुग्णाची ओळख ही बाब दिसते तितकी सोपी नाही. उल्हासनगरचेच उदाहरण घेता येईल. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली व तिचे पाच कॅम्प आजही त्याच नावांनी ओळखले जातात. अंबरनाथला लागून असलेल्या कॅम्प ५ मध्ये सिंधी, मराठी व हिंदी भाषकांची वस्ती आहे. तेथील रुग्ण दाखल होतात अशा कोणत्याही कक्षात शेजारशेजारच्या खाटांवर एक वाधवा व एक वाधवानी असणे सहज शक्य असते. ‘तुम्हीच वाधवानी ना?’ असे विचारल्यास कमी ऐकू येणारे सिंधी आजोबा मान डोलावतात. ती होकाराची असतेच असे नाही. यासाठी नाव आपण सांगू नये, रुग्णास सांगावयास लावावे व ते मनगटावरील पट्टीशी आणि नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहावे. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, कारण खाटा बदलतात. बराकीचा क्रमांकही नव्हे, कारण एकाच पत्त्यावर संपूर्ण कुटुंब राहते. भाषा अडली तर घरच्या माणसाची मदत घ्यावी. ॲलर्जीविषयीचा प्रश्न तर रुग्णाला समजेल अशा भाषेतच विचारला गेला पाहिजे.

औषधाचे वेष्टन तीन वेळा वाचावे, असा जुना नियम आहे : कपाटातून काढताना, मात्रा मोजताना आणि रुग्णास देण्यापूर्वी. बाटलीचा आकार, झाकणाचा रंग वा ठेवण्याची जागा यांवरून औषध ओळखू नये. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पल्स पोलिओ मोहिमेत पाच वर्षांखालील १२ बालकांना लशीऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाचे थेंब पाजले गेले. काही बालकांना उलट्या झाल्या, त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती बरी झाली. पोलिओ लशीच्या कुपीवर उष्णतेने रंग बदलणारा एक चौकोन असतो व तो भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिकट असल्याची खात्री करूनच लस वापरावयाची असते. ती खूण शोधणाऱ्याच्या हाती निर्जंतुक द्रवाची बाटली क्षणभरही टिकली नसती. वाचन ही औपचारिकता नव्हे, हे याहून स्पष्ट दुसऱ्या कोणत्या उदाहरणाने होणार?

वाचनालाही मर्यादा आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या प्रारंभी ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. मेंदूतील वा डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी दिलेल्या त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे वृक्कांना घातक असलेले विष होते. प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. येथे वेष्टनावरील नाव कितीही वेळा वाचले असते तरी दोष कळला नसता. लघवी कमी होणे यासारखी अनपेक्षित लक्षणे टिपून तत्काळ कळविणे एवढेच परिचारिकेच्या हाती असते. औषध दिल्यानंतरचे निरीक्षण औषधप्रदानाचाच भाग मानतात तो यामुळे.

मात्रेच्या चुका सर्वांत घातक असून त्यांतील पुष्कळ टाळता येण्याजोग्या असतात. हवी असलेली मात्रा भागिले उपलब्ध तीव्रता गुणिले तेवढ्या तीव्रतेचे आकारमान, हे सूत्र सोपे आहे. १० किग्रॅ. वजनाच्या बालकास पॅरासिटामॉल किग्रॅ.मागे १५ मिग्रॅ. प्रमाणे १५० मिग्रॅ. लागते. ५ मिलि.मध्ये १२५ मिग्रॅ. असलेल्या पातळ औषधाचे ते ६ मिलि. होते, तर २५० मिग्रॅ. असलेल्याचे ३ मिलि. दोन्ही बाटल्या बाजारात मिळतात, तेव्हा ‘एक चमचा’ ही सूचना निरर्थक आहे. शिवाय घरोघरचे चमचे सारखे नसतात.

इन्शुलीनच्या बाबतीत भारतात विशेष सावधगिरी लागते. येथे १ मिलि.मध्ये ४० एकके आणि १०० एकके अशी दोन्ही तीव्रतांची इन्शुलिने मिळतात व प्रत्येकीची सिरिंज निराळी असते (४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी). ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत १०० तीव्रतेचे इन्शुलीन भरल्यास रुग्णास १० नव्हे, २५ एकके मिळतात. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्यास एवढे पुरेसे असते. ‘एकके’ हा शब्द पूर्ण लिहावा. त्याऐवजी लिहिलेले रोमन लिपीतील ‘यू’ हे अक्षर घाईत शून्यासारखे दिसते व १० चे १०० होतात. त्याच कारणाने ०·५ मधील आरंभीचे शून्य गाळू नये आणि १ ऐवजी १·० लिहू नये. इन्शुलीन, हेपारिन, मॉर्फीन व कर्करोगावरील औषधे यांची मात्रा दुसऱ्या परिचारिकेने स्वतंत्रपणे मोजावी. पहिलीने काढलेले उत्तर पाहून मान हलविणे ही तपासणी नव्हे.

मार्ग चुकल्यास योग्य औषधही मारक ठरते. दुधाळ दिसणारे बेंझाथीन पेनिसिलीन खोल स्नायूतच टोचावयाचे असते, शिरेत कदापि नाही. पोटॅशियम क्लोराइडच्या १५ टक्के विद्रावाची १० मिलि.ची कुपी विरल न करता शिरेत सोडल्यास हृदय बंद पडते. ही कुपी निर्जंतुक पाण्याच्या कुपीसारखी दिसू शकते. म्हणून ती कक्षातील सामान्य कपाटात न ठेवता वेगळी ठेवणे इष्ट. दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळ्या नळीतून देण्यासाठी कुटू नयेत. वेळेसंबंधी जेवणाआधीचे इन्शुलीन एवढे एकच उदाहरण पुरेसे आहे : जेवण उशिरा येणार असेल तर इन्शुलीनही थांबले पाहिजे.

आदेश अस्पष्ट वा विसंगत वाटल्यास परिचारिकेने औषध थांबवून विचारणा करावी. ज्येष्ठ वैद्याला विचारणे उद्धटपणाचे वाटून विद्यार्थिनी पुष्कळदा गप्प राहते. वस्तुतः विचारणा हा तिच्या कर्तव्याचाच भाग असून ती करता येईल असे वातावरण ठेवणे ही कक्षप्रमुखाची जबाबदारी आहे. तोंडी आदेश आणीबाणीतच घ्यावा, तो मोठ्याने परत म्हणून दाखवावा व नंतर लिहून घ्यावा. दुसरीने भरलेली सिरिंज स्वतः टोचू नये. सही औषध दिल्यानंतरच करावी. न दिल्यास कारण लिहावे. औषधे नातेवाइकांकरवी बाहेरून आणविली जातात तेथे एकच औषध दोन व्यापारी नावांनी दोनदा दिले जात नाही ना, हेही पाहावे लागते.

चूक झालीच तर प्रथम रुग्णाकडे पाहावे, वैद्यास कळवावे व घडले तसे लिहावे. लपविलेल्या चुकीवर वेळेत उपाय होत नाही आणि ती पुन्हा घडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा सदोष कार्यपद्धतींवर भर दिला होता. औषधाचे दुष्परिणाम नोंदविण्यासाठी भारतात २०१० पासून औषधदक्षता कार्यक्रम चालू असून त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथे आहे. त्याचा अर्ज वैद्याखेरीज परिचारिकेलाही भरता येतो.